जैवविघटनशील जाळी सक्तीची करावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मासेमारीची जाळी जैवविघटनशील प्लास्टिकचीच असावीत असा नियम केला, तर समुद्रातला प्लास्टिक कचरा आणि हरवलेल्या जाळ्यांत फुकट मरणारे मासे हे दोन्ही प्रश्न सुटतील का? आणि अशी जाळी जुनी झाली की त्यांचं करायचं काय, खत की पुनर्वापर?

माझं उत्तर: सरसकट सक्ती नको. काही ठिकाणी मात्र सक्ती केलीच पाहिजे आणि ती ठिकाणं नेमकी सांगता येतात. कसोटी एकच आहे. ती वस्तू पाण्यातून परत येणार आहे की नाही? जी बहुतेक वेळा बंदरावर परत येते, ती टिकाऊ, एकाच जातीच्या आणि पुन्हा वितळवता येणाऱ्या प्लास्टिकची असलेली बरी. जी हरवण्याची शक्यता मोठी आहे किंवा जी झिजून झिजून पाण्यातच जाते, तिथे विघटनशील पदार्थ हवा. कचऱ्याची प्रक्रिया आणि मासेमारीचे नियम या उत्तरावरून ठरतात. चर्चा मात्र बहुतेकदा उलटी चालते. आधी पदार्थ पसंत केला जातो आणि मग त्याच्यासाठी काम शोधलं जातं.

पदार्थांपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पीएलए हे प्लास्टिक लॅक्टिक आम्लापासून बनतं. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली ते काचेसारखं ताठ असतं. औद्योगिक खतप्रकल्पाच्या ५८ अंशांच्या ढिगात ते मऊ पडतं, पाणी आत शिरतं, लांब साखळ्या तुटतात आणि त्यानंतर जंतूंना ते खाता येतं. समुद्राच्या पाण्यात ही उष्णता नाही, त्यामुळे तिथे पीएलए वर्षानुवर्षं जवळपास जसंच्या तसं राहतं. पीबीएटी हे दुसरं प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं, तरी ते विघटनशील आहे. उलट उसापासून बनवलेलं पॉलिएथिलीन तेलापासून बनवलेल्या पॉलिएथिलीनइतकंच चिवट असतं. म्हणजे कच्चा माल शेतातून आला की विहिरीतून, याचा विघटनाशी संबंध नाही. पीबीएस हे विघटनशील पॉलिएस्टर आणि त्याचे भाऊबंद जाळ्याचा धागा ओढायला त्यातल्या त्यात बरे, म्हणून बहुतेक प्रायोगिक जाळी त्यांचीच असतात. आणि पीएचए, जे जिवाणू स्वतःच्या पेशीत ऊर्जेचा साठा म्हणून बनवतात. १९२० च्या दशकात मॉरिस लमॉन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचा पहिला प्रकार ओळखला. ते समुद्रात खरोखर विघटित होतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधकांच्या कामात तर साडेपाच हजार मीटर खोलीपर्यंतच्या समुद्रतळावरही पीएचए जंतूंनी खाल्लेलं दिसलं. खोली वाढत गेली तसा वेग मंदावत गेला. त्याच प्रयोगातलं पीएलए मात्र शाबूत राहिलं.

'ऑक्सो' प्रकारच्या प्लास्टिकला मी या यादीत धरतच नाही. साध्या पॉलिएथिलीनमध्ये धातूंचे क्षार घालून त्याचा लवकर चुरा होईल अशी सोय केली, एवढाच तो प्रकार. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने त्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं.

आता प्रमाणपत्रं. युरोपचं ईएन १३४३२ हे मानक फक्त औद्योगिक खतनिर्मितीसाठी आहे. सुमारे ५८ अंशांना सहा महिन्यांत ९० टक्के विघटन व्हायला हवं, आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. घरगुती कंपोस्टच्या प्रमाणपत्रासाठी २० ते ३० अंश आणि एक वर्ष अशी मर्यादा असते. समुद्रासाठी टीयूव्ही ऑस्ट्रिया ही प्रमाणन संस्था जे प्रमाणपत्र देते, त्याची चाचणी ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात होते. थंड समुद्रात गिलनेट, म्हणजे माशांच्या वाटेत पडद्यासारखी उभी लावलेली जाळी, जिथे हरवतात, तिथल्या तळाचं पाणी चार-पाच अंशांवर असतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की जैविक क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो, हा ढोबळ हिशोब लावला तरी प्रयोगशाळेतले सहा महिने तळाशी किती वर्षं होतील याचा अंदाज येतो. शिवाय चाचणीला बहुतेकदा भुकटी किंवा पातळ पापुद्रा घेतात. जाळ्याचा धागा भरीव आणि गोल असतो. जंतूंना त्यात शिरायला पृष्ठभाग फारच थोडा मिळतो.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने पिशव्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 'बायोडिग्रेडेबल' असा छाप असलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान भरून नेण्याइतकी मजबूत होती. कंपोस्टयोग्य पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही तिचे अवशेष सापडले. त्यामुळे कुणी नुसतं 'हे विघटनशील आहे' म्हणालं की मी लगेच विचारतो: कुठे, किती तापमानाला, किती दिवसांत आणि किती जाडीचं? यातलं एक उत्तर जरी नसलं, तरी त्या दाव्याच्या आधारे नियम करता येत नाही.

हरवलेलं जाळं नुकसान दोन तऱ्हांनी करतं आणि दोन्हींची मुदत वेगवेगळी असते. पहिलं नुकसान म्हणजे त्यात मासे, खेकडे, कासवं अडकत राहणं, ज्याला घोस्ट फिशिंग म्हणतात. धाग्याचं बळ गेलं, आस (जाळ्याची भोकं) फाटले, जाळं तळाशी कोसळलं की हे थांबतं. दुसरं नुकसान प्लास्टिक म्हणून उरण्याचं. बळ गेलेला धागा तुकडे होऊन पडतो, पण तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत कित्येक पटींनी जास्त काळ जातो. मधल्या काळात ते सूक्ष्म प्लास्टिकच असतं, फक्त कायमचं नाही. पहिल्या फायद्याची आकडेवारी दाखवून दुसऱ्याचा दावा करणारी माहितीपत्रकं माझ्या टेबलावर नेहमी येतात. दोन्ही मुदती वेगळ्या मागा.

घोस्ट फिशिंगही सगळीकडे सारखं नसतं. उथळ, लाटांच्या, वादळी पाण्यात हरवलेलं गिलनेट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गुंडाळलं जातं. त्यावर शेवाळ चढतं, माशांना ते दिसू लागतं आणि पकड झपाट्याने घटते. खोल, थंड, शांत पाण्यात मात्र ते वर्षानुवर्षं उभं राहतं. नॉर्वेच्या खोल पाण्यात ग्रीनलँड हॅलिबट या माशासाठी लावलेल्या आणि हरवलेल्या जाळ्यांनी हे पुरेसं दाखवून दिलं आहे. अडचण अशी की विघटनशील धाग्याची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमकं तिथेच विघटन सर्वांत मंद.

एकूण किती जाळी हरवतात? वर्षाला ६ लाख ४० हजार टन, हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो मी वापरत नाही. १९७५ च्या एका अमेरिकी अंदाजात समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचं प्रमाण ६४ लाख टन धरलं होतं. त्याचा दहावा हिस्सा मासेमारीचा असं गृहीत धरून पुढे हा आकडा तयार झाला आणि एका अहवालातून दुसऱ्यात जात राहिला. त्यापेक्षा २०२२ चा ऑस्ट्रेलियन संशोधकांचा अंदाज जास्त भरवशाचा. सात देशांतल्या मच्छीमारांना थेट विचारून त्यांनी काढलेलं प्रमाण वर्षाला एकूण साधनांच्या सुमारे २ टक्के येतं. यात एक गोष्ट नजरेतून सुटते. २ टक्के हरवतात, म्हणजे ९८ टक्के परत येतात. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा पदार्थ बदलायचा का, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. हे प्रमाण साधनागणिक बदलतं. सापळे आणि लाँगलाइनच्या (गळ लावलेल्या लांब दोरीच्या) आखूड दोऱ्या जास्त हरवतात, मोठी ट्रॉल (नौकेमागे ओढली जाणारी) जाळी अख्खी क्वचितच. म्हणून नियमही साधनागणिक वेगळा हवा.

सापळ्यांच्या बाबतीत उत्तर फार जुनं आहे आणि त्यात प्लास्टिक नाहीच. अलास्कात खेकड्याच्या सापळ्याच्या बाजूला किमान १८ इंचांची फट ठेवावी लागते. ती प्रक्रिया न केलेल्या, शंभर टक्के सुती आणि ३० धाग्यांहून जाड नसलेल्या दोऱ्याने शिवायची. सापळा हरवला की सूत कुजतं, फट उघडते आणि खेकडे बाहेर पडतात. नियमाची भाषा वाचण्यासारखी आहे. दोरा अखंड एकच हवा आणि गाठ फक्त दोन टोकांना. कारण प्रत्येक आसाला गाठ मारली, तर दोरा एका जागी कुजला तरी बाकीची शिवण तशीच घट्ट राहते. फट सापळ्याच्या तळापासून सहा इंचांच्या आत आणि तळाला समांतर हवी, कारण खेकडा तळावरून चालतो. तो वरची खिडकी शोधत बसत नाही. सागरी तपासनीस हे सगळं डेकवर उभ्याउभ्या मिनिटभरात पाहू शकतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जैवविघटनशील पदार्थांवर इतका नेटका नियम मला दुसरा माहीत नाही. सुताचा तोटा एवढाच की ते दर हंगामाला बदलावं लागतं आणि गरम पाण्यात फार लवकर कुजतं. व्हर्जिनियाच्या सागरी विज्ञान संस्थेने याच कामासाठी पीएचएच्या झडपा बनवल्या. सापळा वापरात असेपर्यंत त्या टिकतात आणि पाण्यात पडून राहिला की झिजून जातात. पूर्ण सापळा बदलायचा नाही, फक्त त्याची कडी बदलायची. जैवविघटनशील प्लास्टिकचा याहून शहाणा उपयोग दिसत नाही.

झिजून जाणाऱ्या वस्तूंचं उदाहरण म्हणजे ट्रॉलच्या टोकाच्या पिशवीखाली बांधलेले पॉलिएथिलीनच्या दोऱ्यांचे झुबके, ज्यांना डॉली रोप म्हणतात. तळाशी घासून जाळं फाटू नये म्हणून ते असतात, म्हणजे झिजणं हेच त्यांचं काम. युरोपच्या उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर त्यांचे निळे-नारिंगी तुकडे सतत सापडतात. इथे विघटनशील पर्यायाचा आग्रह धरायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे जाळ्याची बांधणी अशी करायची की झुबके लागणारच नाहीत.

आता गिलनेट. इथे गोष्ट अडते. दक्षिण कोरियाने या बाबतीत सर्वांत लवकर पाऊल उचललं. तिथल्या राष्ट्रीय मत्स्यविज्ञान संस्थेने पीबीएस आणि थोडं पीबीएटी मिसळून धागा बनवला आणि २००७ पासून सरकार किमतीतला फरक भरून मच्छीमारांना अशी जाळी देत आलं आहे. स्नो क्रॅब या खेकड्यासाठी पकड नायलॉनच्या जवळपास बरोबरीची आली. इतर प्रजातींत निकाल तितके एकसारखे नाहीत. नॉर्वेत ट्रॉम्सोच्या आर्क्टिक विद्यापीठात २०२० पासून 'डीसॉल्व्ह' नावाचं संशोधन केंद्र याच विषयावर काम करतं. कॉड माशाच्या गिलनेटवर नॉर्वेत झालेल्या चाचण्यांत विघटनशील जाळ्यांची पकड नायलॉनपेक्षा लक्षणीय कमी भरली आणि जाळं जुनं होत गेलं तसा फरक वाढत गेला. कारण उघड आहे. धागा वापरातच म्हातारा होतो. पाण्यात असतानाच नव्हे, तर किनाऱ्यावर उन्हात वाळत पडलेला असतानाही.

पकड वीस टक्के कमी झाली असं धरू. पुढे काय होतं? त्या मासेमारीला एकूण पकडीचा कोटा असेल, तर मच्छीमार कोटा सोडून देत नाही. तो जास्त जाळी लावतो किंवा तीच जाळी जास्त वेळ पाण्यात ठेवतो. जाळ्यांची लांबी आणि पाण्यातला वेळ वाढला की हरवण्याची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते, नको ती प्रजाती अडकण्याचीही वाढते आणि इंधन जास्त जळतं ते वेगळंच. म्हणजे पदार्थाने दिलेला फायदा मेहनतीच्या वाढीत विरून जाऊ शकतो. म्हणून जिथे विघटनशील गिलनेट सक्तीची कराल, तिथे प्रति नौका जाळ्याची कमाल लांबी आणि पाण्यात ठेवण्याची कमाल मुदत त्याच नियमात लिहा. हे दोन आकडे नसलेला मसुदा मी तरी परत पाठवीन.

दुसरा परिणाम सहज लक्षात येत नाही. माशांचा साठा किती आहे याचा अंदाज बऱ्याच ठिकाणी प्रति जाळे, प्रति दिवस पकडीवरून बांधला जातो. एका हंगामात सगळ्यांची जाळी बदलली आणि पकड घटली, तर आकडेवारीत ते साठा घटल्यासारखं दिसतं. पुढच्या वर्षी कोटा कापला जातो. मच्छीमार म्हणतो मासा तर आहे, शास्त्रज्ञ म्हणतो आलेख खाली गेलाय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. उपाय सोपा आहे, पण आधी करावा लागतो. निदान एक-दोन हंगाम दोन्ही प्रकारची जाळी एकाच पाण्यात, एकाच वेळी लावून तुलनेचा गुणक काढायचा आणि पकड नोंदवहीत जाळ्याचा पदार्थ लिहिण्यासाठी रकाना ठेवायचा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार तपासलेल्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांतून प्रमाणाबाहेर उपसा होतो आहे. अशा वेळी साठ्याच्या मापनपट्टीतच गोंधळ करून घेणं परवडणारं नाही.

यातून एक गोष्ट ठळक दिसते. हरवणाऱ्या जाळ्यांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय अनेकदा पदार्थाचा नसतो, मासेमारीच्या व्यवस्थेचा असतो. अलास्काच्या हॅलिबट मासेमारीत एके काळी हंगाम अवघ्या एक-दोन दिवसांचा उघडत असे. सगळ्या नौका एकदम उतरायच्या, दोऱ्या एकमेकींवर पडायच्या, हवामान बिघडलं तरी थांबायची सोय नव्हती आणि तोडलेल्या दोऱ्या तशाच मागे राहायच्या. १९९५ मध्ये प्रत्येकाला स्वतंत्र कोटा मिळाला आणि हंगाम महिन्यांचा झाला. घाई संपली तसं हरवणाऱ्या दोऱ्यांचं प्रमाणही झपाट्याने उतरलं. धागा तोच होता.

परत आलेल्या जाळ्यांकडे वळू, कारण बंदरावरच्या संकलनाचं काम करणाऱ्याला खरी डोकेदुखी तिथे असते. एक वापरलेलं गिलनेट टेबलावर पसरा. वरची दोरी पॉलिप्रॉपिलीनची, तिच्यावर फोमचे बोये. मधला पडदा नायलॉन ६ चा एकेरी धागा. खालच्या दोरीच्या वेणीत शिशाची तार. पडदा दोऱ्यांना बांधणारं सूत चौथ्याच पदार्थाचं. त्यात वाळू, मीठ, वाळलेले खवले आणि कुठे कुठे अडकलेला शिंपला. हे सगळं हाताने, सुरीने कापून वेगळं करावं लागतं. तुकडे करणाऱ्या यंत्रात अख्खं टाकलं तर धागा त्याच्या दांड्याला असा गुंडाळतो की अर्धा दिवस तो सोडवण्यात जातो. एवढं केल्यावर मिळणारा स्वच्छ नायलॉन ६ मात्र मोलाचा असतो. त्याचं रासायनिक विघटन करून पुन्हा कॅप्रोलॅक्टम हा मूळ घटक काढता येतो आणि नव्यासारखा धागा बनतो. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाचा अ‍ॅक्वाफिल कंपनीचा कारखाना हेच करतो.

या प्रवाहात विघटनशील जाळं मिसळलं की काय होतं? डोळ्यांना आणि हाताला दोन्ही धागे सारखेच वाटतात. पीबीएस ११५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना. नायलॉन वितळवण्याच्या तापमानाला पीबीएसच्या पॉलिएस्टरची साखळी तुटत जाते आणि तयार मालाचा रंग आणि बळ दोन्ही बिघडतं. बाटल्यांच्या पुनर्वापरात पीएलएने पीईटी या बाटल्यांच्या प्लास्टिकची हीच तऱ्हा केली आहे. थोडंसं मिसळलं तरी माल धुरकट होतो. बाटल्यांसाठी अवरक्त किरणांची छाननी यंत्रं आहेत. ओल्या, गुंतलेल्या, चिखलाने माखलेल्या जाळ्याच्या गठ्ठ्यावर ती काम करत नाहीत. म्हणून विघटनशील जाळ्याच्या पडद्यात ठराविक रंगाचा ओळखधागा विणलेला असावा आणि तो विणकामातच यावा, नंतर लावलेल्या चिठ्ठीवर नाही. चिठ्ठी पहिल्याच फेरीत जाते.

वेगळी काढलेली विघटनशील जाळी कुठे पाठवायची? सगळ्यांना पहिला विचार खताचा सुचतो. माझ्या लेखी तो शेवटून दुसरा आहे. खतप्रकल्पाचा ढीग बहुतेक ठिकाणी मानकातल्या मुदतीपेक्षा लवकर उलटून चाळला जातो. चाळणीवर राहिलेला धागा प्रकल्पवाला प्लास्टिक म्हणूनच बाजूला काढतो, प्रमाणपत्र कुठलंही असो. दुसरं, पूर्ण विघटन झालं तरी खताच्या पदरात काही पडत नाही. कार्बन जवळजवळ सगळा हवेत जातो आणि त्यात नत्र-स्फुरद नसतंच. तिसरं कारण शिशाचं. ईएन १३४३२ मध्ये पदार्थात शिशाची मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे टनामागे ५० ग्रॅम. खालच्या दोरीच्या एखाद्या मीटरभर तुकड्यात तेवढं शिसं असू शकतं. एक तुकडा चुकून राहिला तर टनभर माल गेला. मत्स्यशेतीच्या जाळ्यांवर शेवाळ चढू नये म्हणून तांब्याचा लेप देतात. तांब्याची मर्यादाही तेवढीच, त्यामुळे ती जाळी खताच्या वाटेला नेऊच नयेत.

बायोगॅसचा पर्याय पदार्थ पाहून ठरतो. पीएचए प्राणवायूविरहित टाकीत चांगलं विघटित होतं आणि मिथेन देतं. पीएलए ३५-३७ अंशांच्या साध्या टाकीत जवळपास तसंच राहतं. ५०-५५ अंशांच्या गरम टाकीत बरं चालतं. पीबीएटी कुठल्याही टाकीत फारसं हलत नाही. जाळी बहुतेक पीबीएस-पीबीएटी घराण्यातली असल्याने बायोगॅस त्यांच्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

माझ्या पसंतीचा क्रम असा. आधी दुरुस्ती आणि आयुष्य लांबवणं. मग एकाच पदार्थाचा पुरेसा साठा होत असेल तर रासायनिक मार्ग: या प्लास्टिकांतले एस्टर बंध पाण्याने किंवा अल्कोहोलने तोडून मूळ घटक परत मिळवणं तुलनेने सोपं आहे. पण त्यासाठी टनावारी एकसारखा माल लागतो आणि तो आज एखाद्या बंदरातून निघत नाही. वितळवून पुन्हा वापरायचं तर वापरात म्हातारा झालेला धागा पुन्हा धागा होत नाही. जाड, कमी ताणाच्या वस्तू होतात. त्याखाली ऊर्जेसाठी जाळणं, तेही मीठ धुऊन, नाहीतर क्लोराइड भट्टी खातं. त्यानंतर खत. सगळ्यात शेवटी कचराभूमी, कारण तिथे प्राणवायू नसतो आणि जे विघटन होतं त्यातून मिथेन निघतो. साधं पॉलिएथिलीन निदान गप्प पडून राहतं.

कायद्याच्या बाजूने एक गैरसमज आधी काढून टाकू. विघटनशील आहे म्हणून समुद्रात टाकता येतं, असं कुठेही नाही. जहाजांमुळे होणारं समुद्रप्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचं पाचवं परिशिष्ट १९८८ च्या अखेरीपासून लागू आहे आणि त्यात प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण मनाई आहे. त्यात कृत्रिम दोर आणि जाळीही येतात. बहुवारिकांपासून (लांब साखळीच्या रेणूंपासून) बनलेला पदार्थ तो प्लास्टिक, अशी त्यातली व्याख्या आहे. पुढे तो कुजणार की नाही हे विचारलेलं नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही विघटनशील प्लास्टिकला सूट नाही. त्याच निर्देशाने मासेमारीच्या साधनांच्या उत्पादकांवर कचऱ्याच्या खर्चाची जबाबदारी टाकली आणि ती व्यवस्था २०२४ अखेर उभी करायला सांगितली. कारण तिथल्या किनाऱ्यांवर मोजलेल्या कचऱ्याच्या वस्तूंपैकी २७ टक्के मासेमारीच्या होत्या. सूट न देणं शहाणपणाचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की 'विघटनशील' अशी पाटी लावल्याने माणूस वस्तू जास्त बिनधास्तपणे टाकून देऊ शकतो.

मात्र मार्पोलमध्ये अपघाताने हरवलेल्या साधनाला सूट आहे, वाजवी खबरदारी घेतली असेल तर. पर्यावरणाला किंवा जलवाहतुकीला मोठा धोका असेल तर ते कळवावंही लागतं. युरोपात परत काढता न आलेलं साधन कळवायचं असतं. नियमाचं सगळं बळ या कळवण्यात आहे आणि तिथेच बहुतेक व्यवस्था कोसळतात. जाळं हरवल्याबद्दल दंड ठेवला की कुणी कळवत नाही. न कळवल्याबद्दल दंड ठेवा. कळवणाऱ्याला काही देणं लागू करू नका. नॉर्वेत हरवलेल्या साधनाचा शोध घेणं आणि न सापडल्यास कळवणं बंधनकारक आहे. तिथलं मत्स्यसंचालनालय १९८० च्या दशकापासून दरवर्षी जहाज पाठवून अशी जाळी वर काढतं. कळवलेली जागा जहाजाच्या नकाशावर जाते, हे मच्छीमाराला दिसतं, म्हणून तो कळवतो.

बंदरावरचं शुल्कही असंच उलटं बसलेलं असतं. जाळ्यात आलेला परका कचरा किनाऱ्यावर आणला तर त्याच्या वजनावर पैसे मोजावे लागत असतील, तर तो पुन्हा पाण्यात जाणार. युरोपच्या बंदर-सुविधा निर्देशाने २०१९ मध्ये हे बदललं. शुल्क कचरा आणला तरी आणि नाही आणला तरी द्यायचंच, जाळ्यात आलेल्या परक्या कचऱ्यावर वेगळं काही नाही. दक्षिण कोरियाने २०२४ पासून सापळ्यांवर अनामत सुरू केली. जुना सापळा परत करा, पैसे घ्या. त्याला जोड म्हणून साधनावर मालकाची खूण हवी. त्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१८ ची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं तयार आहेत. अनामत आणि खूण एकत्र असल्याशिवाय दोन्हींचा उपयोग निम्माच होतो.

अनुदानाबद्दल थोडंच. विघटनशील जाळी महाग असतात आणि लवकर बदलावी लागतात, त्यामुळे लहान होडीवाल्यावर तो बोजा टाकला तर नियम कागदावरच राहील. किमतीतला फरक कुणीतरी भरावा लागेल. पण प्रमाणाबाहेर उपसलेल्या साठ्यावर मासेमारीला दिलेलं अनुदान जागतिक व्यापार संघटनेच्या नव्या कराराच्या कक्षेत येतं, जो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. साठा सावरण्याची उपाययोजना सोबत असेल तरच त्यात सवलत आहे. म्हणून अनुदान जाळ्याच्या खरेदीवर न देता जुनं जाळं परत आणण्यावर द्यावं. पैसे तेवढेच जातात आणि गठ्ठाही हातात येतो.

तुमच्याकडे नियमाचा मसुदा करायची वेळ आली तर मी असं सुचवीन. पहिल्या वर्षी फक्त सापळ्यांची सुटकेची फट आणि झिजणारे झुबके घ्या. तिथे शंका कमी आहे आणि तपासणी डोळ्यांनी होते. गिलनेटसाठी आधी हरवण्याच्या नोंदी गोळा करा, कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यात, कशामुळे. ज्या पट्ट्यात हरवण्याचं प्रमाण खरोखर जास्त निघेल तिथेच विघटनशील जाळ्यांची चाचणी ठेवा, नायलॉनच्या शेजारी. नियमात तीन मुदती लिहा: धागा किती दिवस कामाचा राहील, किती दिवसांत त्याचं बळ निम्म्याखाली येईल आणि किती काळात त्याचं पूर्ण विघटन होईल. तिन्ही त्या पट्ट्याच्या तळाच्या तापमानाला मोजलेल्या हव्यात. ३० अंशांचं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं चालेल, त्याऐवजी चालणार नाही.